शौक आणि रोजी

जुन्या टीव्हीवर जुने व्हिडिओ गेम खेळणे हा आता जगभर मानाचा शौक झाला आहे. जपानात, युरोपात, अमेरिकेत चाळिशी-पन्नाशीची शिकलीसवरलेली माणसे जाड काचेचे, पाठीला कुबड असलेले टीव्ही शोधत फिरतात. पातळ टीव्ही त्यांच्याही भिंतीवर असतोच. पण लहानपणचा गेम खेळायचा तर त्याच काचेवर, असा त्यांचा हट्ट. डिसेंबर २०२४ मध्ये अशीच एक हकीकत खूप गाजली. सोनी कंपनीने १९८९ साली काढलेला त्रेचाळीस इंची, जवळजवळ दोनशे किलोचा टीव्ही ओसाका शहरातल्या एका खाणावळीत सापडला. इमारत पाडली जाणार होती. एका शौकिनाने तो तिथून उचलवला, अमेरिकेत नेला आणि दुरुस्त करून चालू केला.

आम्ही ही हकीकत मामूंना सांगितली. मामूंनी अकोल्यात पस्तीस वर्षे टीव्ही दुरुस्त केले. सगळे शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "ट्यूब वीक तो नहीं हुई थी?"

आम्ही म्हणजे तिघी बहिणी आणि एक मामेभाऊ. आमचे लहानपण अकोल्यात गेले, पुढे दोघी लग्न होऊन अमरावतीला आलो आणि उर्दू शाळेत शिकवायला लागलो. मामूंचे दुकान टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत होते. दुकान कसले, आठ बाय दहाची खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर मागची झाकणे काढलेले टीव्ही, आणि मधोमध छताला टांगलेला शंभर वॉटचा एक बल्ब. तो उजेडासाठी नव्हता. दुरुस्त होणाऱ्या टीव्हीची वीज त्या बल्बातून जायची. बल्ब भक्कन पूर्ण पेटला की आत कुठेतरी शॉर्ट आहे. पेटून लगेच मंद झाला की बिस्मिल्ला, सेट जिवंत आहे. याला 'सिरीज' म्हणतात. महागडे मीटर नसलेल्या आपल्याकडच्या मिस्त्रींनी या एका बल्बावर हजारो टीव्ही तपासले. आम्हाला अलिफ-बे बरोबरच तो बल्ब वाचता येऊ लागला होता.

बार्शीटाकळी, पातूर, बाळापूरकडून लोक एसटीने यायचे. टीव्ही गोधडीत गुंडाळून, लेकरासारखा मांडीवर घेऊन. "मिस्त्री, टीव्हीत नुसत्या मुंग्याच दिसून रायल्या. काऊन असं?" मामू म्हणायचे, "अँटेना हालला असंन भाऊ. पयले माळवदावर चढून पाहा, मंग मले पैसे द्या." घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी. जूनमध्ये पहिली वीज कडाडली की आठवडाभर गर्दी, कारण अँटेनाच्या तारेतून ती थेट सेटमध्ये उतरायची. पुढे २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर बाराही महिने सीझन. वीज जाताना टीव्ही मरत नसे, येताना मरत असे. हे वाक्य मामूंचे.

मामू शाळेत सातवीपर्यंतच गेले होते. त्यांचे उस्ताद अमरावतीच्या इतवाऱ्यात बसायचे. त्यांच्याकडे दोन वर्षे झाडू मारल्यावर सोल्डरिंग आयर्न हातात मिळाले, आणि त्याही आधी एक सबक मिळाला: उघडलेल्या टीव्हीत एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजारांहून जास्त व्होल्ट लागतात आणि टीव्ही बंद करून वायर काढली तरी तो दाब ट्यूबमध्ये दबा धरून बसतो. दोन्ही हात आत असतील तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. आमच्या बी.एड.ला 'कृतीतून अध्ययन' या विषयावर चार गुणांचा प्रश्न असायचा. तेव्हा आम्हाला हा खिशातला हात आठवायचा. पेपरात अर्थातच पुस्तकातले लिहिले.

मोहल्ल्यात टीव्हीबद्दल दोन मते होती. काही घरांत तो शिरलाच नाही. काही घरांत तो होता, पण रमजानमध्ये त्याच्यावर गिलाफ चढायचा आणि ईदचा चाँद दिसल्याची खबर ऐकायला तो उतरायचा. नानी त्याला 'शैतान का डिब्बा' म्हणायच्या. गंमत अशी की ओनिडा कंपनीने जाहिरातीत स्वतःच शिंगे-शेपटीवाला सैतान उभा केला होता, त्यामुळे नानींना पुराव्याची गरज पडली नाही. मामू मान खाली घालून हसायचे. त्या डब्यावर घर चालत होते.

त्या गिलाफाकडे आता परत पाहावेसे वाटते. तो मॅटीच्या कापडाचा असायचा आणि त्यावर क्रॉस स्टिचचे पोपट, गुलाब, हंस. मॅटीच्या विणीत चौकटी असतात. एका चौकटीत एक फुली, एका फुलीला एक रंग. आमच्यात कोणत्याही मुलीला बारा-तेराव्या वर्षी ते यायचेच. मॅटीवर भरलेला खाना-ए-काबा फ्रेम करून बैठकीत लावलेला नाही, असे घर आमच्या नात्यात नव्हते. प्लास्टिकच्या मण्यांची तोरणे, मण्यांचे पंखे हेही त्याच हिशेबाने: कागदावर चौकटी आखायच्या, मोजायच्या, ओवायच्या. या कामाला कला म्हणत नसत. 'हाथ का काम' म्हणत, आणि रिश्ता बघायला आलेल्या बायांना ते दाखवत.

गेम घरात आला तो फेब्रुवारी १९९७ च्या ईदला. मुले ताजनापेठेकडच्या एका गेमच्या दुकानात जायची. मुलींनी तिथे जायचा प्रश्न नव्हता. म्हणून ईदीचे पैसे जमा करून आम्ही गेमचा सेट दोन दिवसांसाठी भाड्याने आणवला. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले होते. त्याच्या नकला तैवान-चीनमार्गे साऱ्या जगात पसरल्या. आपल्याकडे त्या वेगवेगळ्या नावांनी आल्या, आणि पुढे तर नावाशिवायच. कॅसेटवर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम' लिहिलेले असायचे. प्रत्यक्षात दहा-बारा गेम पुन्हा पुन्हा यायचे: मारिओ, कॉन्ट्रा, टँकवाला, बदकवाला. मामूंनी अँटेनाची तार काढून सेटची तार लावली, बटण फिरवत फिरवत मुंग्यांतून मारिओ बाहेर काढला आणि नमाजला निघून गेले.

मारिओची जन्मकथा आम्हाला फार उशिरा कळली, पण ती इथेच सांगायला हवी. १९८१ च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये शिगेरू मियामोतो यांनी त्याला आणला तेव्हा तो सुतार होता. १९८३ मध्ये तो नळकाम करणारा मिस्त्री झाला. त्याच्या अंगावर जे आहे ते सगळे चौकटींच्या टंचाईमुळे आहे. तोंड काढायला जागा नव्हती म्हणून मिशी. केस काढणे अवघड म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत म्हणून सदऱ्याहून वेगळ्या रंगाचा कामगारी पोशाख. फॅमिकॉमवरचा लहान मारिओ सोळा बाय सोळाच्या खणात बसतो, म्हणजे २५६ चौकटी, आणि रंग फक्त तीन. १९८५ च्या 'सुपर मारिओ'ची चित्रे आणि नकाशे मियामोतो आणि त्यांचे सहकारी आलेख-कागदावर काढत असत. ते कागद निन्टेन्डोने नंतर लोकांना दाखवलेही. अमेरिकेत सुसान केअर या बाईंनी १९८३-८४ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाची छोटी छोटी चित्रे आधी चौकटींच्या वहीत रंगवली, आणि हे काम भरतकामाच्या व मोझेकच्या जातीचे आहे असे त्या नेहमी सांगत आल्या आहेत.

आमच्या मधल्या बहिणीला हे त्या ईदच्या दुसऱ्या दिवशीच कळले होते. तिने मारिओला 'पॉज' केले आणि बटर पेपरचा तुकडा काचेला लावला. तो कागद काचेला आपोआप चिकटला. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेवर वीज साचलेली असते. हात जवळ नेला तर लव उभी राहायची. टिकली-पिनेची गरजच नाही. तिने पेन्सिलीने चौकटी मोजून मारिओ उतरवला आणि पुढच्या महिनाभरात मॅटीवर भरला. आमचा टीव्ही चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यामुळे रंग तिने मनाने घातले: हिरवी टोपी, पिवळा पोशाख. दोन वर्षांनी एका लग्नघरी रंगीत टीव्हीवर लाल मारिओ पाहिला तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "इनका टीव्ही ख़राब है."

आज इंग्रजी शिकलेल्या घरांत 'पिक्सेल बीड आर्ट' नावाचा छंद आहे. डेन्मार्कच्या 'हामा' कंपनीचे, अमेरिकेत 'पर्लर'चे नळीसारखे प्लास्टिक मणी खुंट्यांच्या पाटीवर मांडायचे, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मणी एकमेकांना चिकटतात. बहुतेक जण मारिओच करतात. आम्ही त्या चित्रांकडे पाहतो तेव्हा हेवा वाटत नाही, खोटे कशाला सांगा. पण एक प्रश्न पडतो. तेच काम, त्याच चौकटी. एका घरात तो शौक, दुसऱ्या घरात हुंड्यासोबत दाखवायची वस्तू. फरक हाताच्या हुनरात नाही. फरक फुरसतीत आहे, आणि त्या फुरसतीचा मालक कोण यात आहे.

टीव्हीचेही तसेच झाले. २००८ मध्ये सोनीने आपल्या प्रसिद्ध ट्रिनिट्रॉन ट्यूबचे उत्पादन थांबवले. आपल्या औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला होता, तोही अशा वेळी की साऱ्या जगाने पातळ पडद्याकडे तोंड फिरवले होते. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. मामूंच्या गल्लीत हे असे पोहोचले: आधी महिन्याला पन्नास सेट, मग पंधरा, मग एखादा. नवा पातळ टीव्ही बिघडला तर दुरुस्तीसारखे थोडेच असते. बोर्ड बदला, पडदा गेला तर नवाच घ्या, कारण पडद्याची किंमत जवळजवळ टीव्हीएवढीच. आयसीवरचा नंबर वाचून, सुजलेला कंडेन्सर बोटाने ओळखून, एल.ओ.टी.च्या पायाला पडलेली केसाएवढी चीर भिंगातून शोधणाऱ्या माणसाचे तिथे काम नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यात मुसलमान कामकरी मोठ्या प्रमाणात स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतात असे लिहिले होते. आम्ही तो बी.एड.ला असताना अभ्यासला. एखादा धंदाच जगातून उठून गेला तर त्या माणसाच्या हाताने काय करायचे, याचा तक्ता त्यात शोधूनही मिळाला नसता. कोणत्याच अहवालात नसतो.

आपल्यात हे पहिल्यांदा झाले असेही नाही. कातिब आठवतात? उर्दू वर्तमानपत्राचे पान न् पान बोरूने लिहिणारे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे 'नूरी नस्तालीक' आले, लाहोरच्या 'जंग'ने ते वापरले. १९९४ मध्ये दिल्लीहून 'इनपेज' आले. काही वर्षांत कातिबांची रोजी संपली. आता त्याच खत्तातीचे वर्ग मोठ्या शहरांत फी घेऊन चालतात. शिकणाऱ्यांत कातिबाच्या घरचा कितीदा असतो, हे ज्याने त्याने पाहावे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एका तरुणाचा मामूंना फोन आला. चौदा इंची चालू टीव्ही हवा होता. मामूंनी विचारले, कशासाठी? तो म्हणाला, बदकवाला गेम खेळायचा आहे. तो खरेच बोलत होता. त्या गेमची बंदूक गोळी मारत नाही, ती पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड पकडतो. जुनी ट्यूब एकेक रेघ आखत सेकंदाला पन्नास वेळा चित्र उभे करते. बंदुकीचा सगळा हिशेब त्या वेळेवर बसलेला. पातळ टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि बदक कधीच मरत नाही. मामूंनी टीव्ही दिला. किंमत भंगाराच्या वजनाने लावली, वर दुरुस्तीचे दोनशे रुपये. त्या मुलाने स्वतःहून कितीतरी जास्त दिले. मामू रात्रभर बेचैन. "शौक का भाव मालूम नहीं था," म्हणाले.

गेल्या वर्षी आम्ही नववीला आलेख शिकवत होतो. मेहवर, मब्दा, नुक्ता. मुलांचे डोळे मिटायला आलेले. मग फळ्यावर सोळा बाय सोळाची जाळी आखली आणि बिंदूंची यादी दिली. आठव्या-दहाव्या बिंदूला शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मिस, ये तो मारिओ है!" त्या आठवड्यात वर्ग भरलेला राहिला. मुलींनी मॅटी आणली. इस्त्रीच्या मण्यांचा एक डबा आम्ही वर्गणी काढून घेतला. तीस डबे परवडणारे नव्हते.

नंतर एका पालकांनी येऊन अदबीने विचारले की वर्गात जानदाराची तसवीर करवणे योग्य आहे का. आम्ही वाद घातला नाही. आमच्या शाळेतल्या वडीलधाऱ्या उर्दूच्या शिक्षिका म्हणाल्या, "कूफी लिखवाओ." चौकोनी कूफी! इस्फहानच्या जामा मशिदीच्या, समरकंदच्या बीबी खानम मशिदीच्या भिंतींवर विटा आणि कौले मांडून लिहिलेली अक्षरे. नस्तालीक तिरपी वाहते, ती चौकटीत मावत नाही. पण या कूफीत प्रत्येक रेघ एक चौकट जाड आणि दोन रेघांमधली जागाही एकच चौकट. संगणक नव्हता तेव्हाचे पिक्सेल. मुलांनी आपापली नावे कूफीत बसवली. फार कठीण काम; एक चौकट चुकली की शब्द बदलतो. मारिओ सोपा होता हे मुलांनीच कबूल केले. मारिओही राहिला, वहीत. त्या पालकांच्या मुलीने दोन्ही केले.

मामूंना आम्ही एका शनिवारी शाळेत बोलावले. त्यांनी आपला एकवीस इंची सेट आणला, झाकण त्यांनी स्वतः काढले, मुलांना चार हात लांब बसवले आणि डावा हात खिशात घातला. नववीतला एक मुलगा अगदी पुढे सरकत होता. तो शुक्रवार-शनिवार गैरहजर असतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. घरच्यांनी ठरवलेच होते की या वर्षानंतर शाळा बंद. त्याने मामूंना विचारले, "मुझे सिखाओगे?" मामू म्हणाले, "बेटा, इसमें अब रोटी नहीं है." मुलगा म्हणाला, "रोटी मोबाईल में है. ये मुझे अच्छा लगा."

त्या वाक्यावर आम्ही शिक्षक खोलीत बराच वेळ बोललो. रोजीशिवाय काही आवडण्याचा हक्क आमच्या मुलांना कुणी दिला नव्हता. त्याने तो मागितलाही नाही, घेतला. पण आवडीवर घर चालत नाही हेही खरेच. आम्ही त्याच्या अब्बांशी बोललो. हातगाडीवाला माणूस. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करायचे तर दहावी पास लागते, एवढे एकच आमचे म्हणणे. सौदा असा ठरला: दहावीपर्यंत शाळा, संध्याकाळी मोबाईलचे दुकान, आणि महिन्यातून एक रविवार अकोल्याला मामूंकडे. बसचे भाडे आम्ही देतो. निभेल का, हे मार्चमध्ये दिसेल.

मामूंची एक वही आहे, १९८६ पासूनची. प्रत्येक पानावर एक बिघाड, उर्दूत, बारीक अक्षरात: आवाज आहे, चित्र नाही. चित्र वरून दुमडते. कोपऱ्यात जांभळा डाग. पडद्यावर फक्त एक आडवी रेघ. खाली हाताने काढलेले सर्किट, कोणत्या कंपनीच्या सेटमध्ये कोणता भाग जातो, बाजारात तो न मिळाल्यास दुसरा कोणता चालतो. आमच्या पाहण्यात अशी वही दुसरी नाही. वर्गातल्या दोन मुली, ज्यांचे खत चांगले आहे, ती स्वच्छ उतरवून घेत आहेत, आणि तो मुलगा सर्किटे आलेख-कागदावर पुन्हा काढतो आहे. सध्या आडव्या रेघेच्या पानापर्यंत काम आले आहे. पुढच्या पानावर चहा सांडून दोन कंडेन्सरचे आकडे पुसट झालेत. ते विचारायला येत्या रविवारी अकोल्याला जायचे आहे.